माघापर्यंत हात लावू नये

अहमदनगर
९ नोव्हेंबर १९७०

व्याही प्रभुदासराव पाटोळे यांस,

सलाम. तो रीत म्हणून घालतो आहे, मनापासून नव्हे, हे आधीच सांगतो म्हणजे गैरसमज नको.

परवा तुमचे चिरंजीव बेन्यामीन बाळाला पाहायला आले होते. बाळ आणि बाळंतीण, माझी दया, सुखरूप आहेत. चिरंजीव चहा घेता घेता म्हणाले, "आबा म्हणतात, बागेची छाटणी निघाली की दयाच्या परातीतल्या झाडाचीही करून टाकू." माझ्या हातातला कप खाली आला. शाळेत हा मुलगा माझ्या वर्गात चित्रात आंबा काढायचा तो फणसासारखा दिसायचा, तेव्हापासून त्याच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही. म्हणून थेट तुम्हालाच विचारतो. हे खरं आहे का?

खरं असेल तर ऐका. ते "परातीतलं झाड" म्हणजे जुनिपर, सुरूच्या जातीचं. दया दोन वर्षांची होती तेव्हा आमच्या शाळेच्या त्या वेळच्या मोठ्या बाईंनी थंड डोंगरातून त्याचं रोप आणून मला दिलं. आज दया चोवीस वर्षांची आहे. तिच्या लग्नापर्यंत वीस वर्षं मी त्याला तारेने वळवलं, शेंडे खुडले, आणि वीतभर उथळ कुंडीत शंभर वर्षांच्या झाडाचा आकार त्याला आणला. दयाची आई गेली त्या वर्षी घरात आम्ही तिघंच होतो, मी, ती आणि ते. लग्नात बाकीचे लोक मुलीबरोबर पाठराखीण पाठवतात. माझ्याकडे बाईमाणूस कुणी नव्हतं, मी झाड पाठवलं. तुमच्या मळ्यावर दोन वर्षं दयाने ते नीट सांभाळलं. आता ती बाळंतपणाला इकडे आली आणि झाड तुमच्या तावडीत सापडलं.

एवढंच करा. सकाळी एकदा पाणी. दुपारच्या उन्हात ठेवू नका. आणि माघापर्यंत त्याला कुणीही हात लावू नये. छाटायचं ते माघात, थंडी ओसरताना, नवी पालवी धरायच्या आधी, आणि तेही दया किंवा मी.

शांतवन उजागरे


मळा, ता. श्रीगोंदा
१७ नोव्हेंबर १९७०

मास्तर,

आमचाबी सलाम. रीतीचाच.

तुमचं पत्र पोचलं. आमी चवथी पास, जसं बोलतो तसं लिवतो, चुका काढत बसू नका. तुमाला तेवढंच येतं म्हना.

माझ्या आज्यानं ह्या मळ्यात पयली विहीर खांदली. माझ्या बानं संत्री लावली. मी शे-दीडशे झाडं जगिवली, पानी आटलं तवा डोईवर हंडे वाहून जगिवली. आन तुमी मला झाडाला पानी कवा घालायचं ते शिकिवता? उचलली जीभ लावली टाळ्याला. माझं एक झाड पोतं भरून फळं देतं. तुमचं ते बुटकं बावीस वर्सांत काय देतंय? फळ न्हाई, फूल न्हाई, कोंबडीला बसायला सावली न्हाई. वाढायला निघालं की तुमी त्याची बोटं मोडता आन म्हनता आकार आनला. बरं हाय तुमचं.

झाडाचं ऱ्हाऊ द्या. कामाचं बोलू. सूनबाईचा सव्वा महिना डिसेंबरच्या पयल्या आठवड्यात सरतोय. नाताळ आमच्या घरी व्हायला पायजे. पयला नातू हाय, मळ्यावरच्या देवळात त्याचा बाप्तिस्मा करायचा ठरीवलंय. बेन्याच्या आईनं, गोजरबाईनं, पाळणा रंगवून ठिवलाय. मी पाच तारखेला बेन्याला धाडतो. पोरगी आन नातू तयार ठिवा.

प्रभुदास पाटोळे


अहमदनगर
२८ नोव्हेंबर १९७०

व्याहीबुवा,

चुका काढत नाही. काढायला बसलो तर कागद पुरणार नाही.

पाच तारखेला बेन्यामीनला पाठवू नका. दयाच्या अंगात ताकद नाही, बाळ दुधाला नीट लागत नाही, आणि तुमच्या उघड्या मळ्यावर थंडीत मी ओल्या बाळंतिणीला पाठवणार नाही. छबूबाई रोज येऊन तिला शेक-शेगडी करते, तीही म्हणते की इतक्यात हलवू नका. माघानंतर बोलू.

आता तुमच्या संत्र्यांबद्दल. तुमच्या ज्ञानाबद्दल मला शंका नाही, ते ज्ञान तुम्ही कुठे वापरताय त्याबद्दल आहे. संत्र्याची फांदी कुठूनही तोडा, खालून फुटते. जुनिपरला नागड्या लाकडावर नवा डोळा, म्हणजे कोंब, येत नाही. हिरवं जिथे संपलं तिथे ती फांदी संपली. त्याची सगळी ताकद हिरव्यात असते, मुळात नाही. म्हणून एका वेळी थोडंच काढायचं, कात्रीने सपासप नाही, आणि हिरवा शेंडा राखूनच. वैशाखात काढलं तर उन्हानं जळतं. आत्ता काढलं तर थंडीत भरून येत नाही. आता समजलं असेल अशी आशा आहे. माझी तीस वर्षं न समजणाऱ्यांना शिकवण्यातच गेली आहेत.

दुसरं. तुम्ही बहारासाठी बागेला ताण देता, म्हणजे पाणी तोडता, झाड मलूल पडू देता आणि मग एकदम पाणी सोडून फुलं आणता, हे मला ठाऊक आहे. ते जमिनीतल्या झाडाला चालतं, त्याची मुळं खोल असतात. कुंडीत बोटभर माती आहे. तिथे ताण म्हणजे मरण. बागेचं पाणी तोडाल तेव्हा त्या एका कुंडीचं तोडू नका. हे हात जोडून लिहितो आहे. तुमच्यापुढे हात जोडायची मला हौस नाही.

खरं म्हणजे ते झाड इथे आणून द्या. झाड माझ्या अंगणात आलं की दयाला पाठवण्याचं बोलू.

शांतवन उजागरे


मळा
१२ डिसेंबर १९७०

मास्तर,

म्हंजे झाड द्या आन सून न्या? माझी सून ओलीस धरली का काय तुमी?

तुमी नगो म्हनलात तरी बेन्याला धाडला. तो तसाच परत आला. इचारलं, काय झालं? तर म्हनला, मास्तरांनी चहा पाजला आन म्हनले पुन्हा ये. तुमी बाळाला मांडीवर घिऊन बसलात, त्याला तुमच्यापुढं उभं ऱ्हायचाच धीर व्हत न्हाई, दुसरं काय बोलनार? तुमी त्याला शाळंत छड्या मारल्या त्या अजून त्याच्या अंगावर हाईत. माझ्या अंगावर न्हाईत, ध्यानात ठिवा.

आन आता ऐका, मी काय केलं ते. तुमच्याला भिऊन लपवून ठिवनाऱ्यातला मी न्हाई. पयल्या आठवड्यात बागेला ताण दिला. तुमच्या बुटक्यालाबी दिला. माझ्या मळ्यात ऱ्हायचं तर माझा कायदा. परवा संत्र्याची सल काढली, म्हंजे वाळल्या-साळल्या काड्या काढल्या, तवा सिकेटर, छाटायची कात्री, हातातच हुतं. तुमच्या झाडाच्या आत बघितलं तर नुस्ती गर्दी. हवा न्हाई, ऊन न्हाई. आतलं सगळं साफ केलं. वरचा शेंडाबी मारला, म्हंजे बूड धरंल. काय झालं त्याला? कायबी न्हाई. हिरवंगार हाय. ह्या पत्रात त्याची एक टिकशी, शेंड्याची काडी, घातलीय, तुमच्याच डोळ्यांनी बघा.

खरं सांगू का मास्तर, सगळ्या नगराला ठावं हाय ते? झाडाचं निमित्त हाय. बायको गेली, तुमाला भाकरी थापून घालायला घरात कोन न्हाई. पोरगी हाताशी आली, चूल पेटली, घरात पोराचं रडू आलं. आता तिला सोडवंना. म्हनून कवा थंडी, कवा दूध, कवा झाड. सरळ लिवा ना, मला एकट्याला जमंना म्हनून. मी तेवढा दुष्ट न्हाई. पर खोटं बोलून माझ्या पोराचा संसार अडवू नका.

प्रभुदास


अहमदनगर
२९ डिसेंबर १९७०

श्री. पाटोळे,

नाताळच्या दिवशी तुम्ही आमच्या देवळाच्या आवारात जे केलंत त्याबद्दल मी पाळकसाहेबांची क्षमा मागितली, कारण तुमची ओळख माझ्यामुळेच तिथे आहे. सगळी मंडळी केक वाटत असताना तुम्ही "माझी सून द्या" म्हणून ओरडलात. बाळ दचकून रडलं. दया कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बेन्यामीन कुठे बघत होता ते मला माहीत नाही, जमिनीकडे असावा. त्या दिवशी मी तिला तुमच्याबरोबर पाठवली असती तर मी बाप म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहिलो नसतो.

टिकशी मिळाली. मी ती टेबलावर ठेवली आहे. हिरवी आहे. तुमचं समाधान झालं असेल. मी झाड डोळ्यांनी पाहीपर्यंत माझं होणार नाही. ताण देऊन वर आतलं सगळं साफ केलंत म्हणता. ज्याच्या जिवावर ते जगतं तेच काढलंत. वाचून मला दिवसभर अन्न गेलं नाही. आजपासून तरी रोज पाणी घाला. बेन्यामीनला सांगून ठेवलं आहे, तो तरी घालेल.

भाकरीबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याला उत्तर देत नाही. माझी बायको गेली त्याला पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षं माझी भाकरी मी थापली, आणि लहानपणी दयालाही मीच खाऊ घातलं. कुणाच्या चुलीवर मी जगलो नाही. तुमच्यासारख्या माणसाने हे लिहावं यात नवल नाही. दयाने ते वाचू नये म्हणून मी ते पत्र चुलीत घातलं.

शां. उजागरे


मळा
१३ जानेवारी १९७१

मास्तर,

लई झालं. आता शेवटचं लिवतो.

देवळात आवाज चढला ते खरं हाय. तुमी माझ्या पोराला धा मानसांत म्हनला, "याला दाराची कडी काढता येत नाही, हा काय बायको नेतो." त्याचं कुनी काय बोललं न्हाई. तुमचं हळू बोलनं लोकांना सभ्य वाटतं, एवढाच फरक.

घरात काय चाललंय ते ऐका. बेन्या दोन घास खातो आन उठतो. गोजरबाई त्या रिकाम्या पाळन्याला सांजचा झोका देती आन मग मलाच बोलती. वाडीतली लोकं इचारत्यात, सून नांदत न्हाई का? काय सांगू? नगरच्या मास्तरनं झाडासाठी धरून ठिवली म्हनू? हसतील. माझ्या मेव्हन्यानं तर सांगितलं, सोडून दे, पोराला दुसरं स्थळ बघू. आपल्या लोकांत तसं चालत न्हाई, मला ठावं हाय. पर बेन्याचं मन फिरलं तर मी काय त्याला दावं लावून ठिवनार?

म्हनून सांगतो. जानेवारी सरायच्या शनवारी, तीस तारखेला, मी सोता झाड घिऊन यष्टीनं नगरला यतो. तुमाला माघ पायजे हुता ना, माघबी लागतोय. झाड तुमच्या हातात दीन. तुमी बघा, चाचपा, काय करायचं ते करा. हिरवं असलं तर त्याच घडीला पोरगी आन नातू माझ्यासंगं. हिरवं नसलं तर तुमची पोरगी तुमाला लखलाभ. मग कवाच धाडू नका. मी बी पुन्हा तुमच्या दारात यनार न्हाई.

प्रभुदास


अहमदनगर
१९ जानेवारी १९७१

श्री. पाटोळे,

या. कुंडीभोवती ओलं पोतं गुंडाळा. यष्टीच्या टपावर टाकू नका, मांडीवर घ्या. वाऱ्याला धरू नका.

दयाला तुमची अट सांगितली. ऐकून ती बाळाची दुपटी धुवायला बसली.

शां. उजागरे


मळा
७ फेब्रुवारी १९७१

मास्तर,

सूनबाई आन नातू खुशाल पोचले. पोरगं यष्टीत झोपलं ते मळ्यावर येऊन उठलं. गोजरबाईनं ववाळलं, मी म्हनलं आपल्यात ववाळत न्हाईत, तर म्हनली आज मी ववाळनार, पाळकाला सांगायचं तर सांगा. येत्या आयतवारी बाप्तिस्मा हाय. तुमाला बोलावनं पाळकाकडनं यील. आलात तर जेवायला वाढू, न्हाई आलात तर उपाशी मरनार न्हाई कोनी.

आता हिशेबाचं. तुमी त्या दिवशी झाड हातात घेतलं. बाजारात बैल बघावा तसं फिरवून बघितलं. पानं चोळली, वास घेतला. मी म्हनलं, आता मास्तर काय तरी खोडी काढनार. आन तुमी म्हनला, "हिरवं आहे." तुमच्या तोंडानं म्हनला, सूनबाई साक्षीला हाय. म्हंजे माझ्या ताणानं काय झालं न्हाई, सिकेटरनं काय झालं न्हाई. तुमचं ते नागडं लाकूड, आन डोळा, आन माघ, सगळं पोथीतलं. झाड त्ये झाडच. जमिनीत असू द्या, न्हाई तर परातीत.

एकदा कागदावर लिवून धाडा की प्रभुदास बरोबर हुता. मी ते बेन्याला वाचून दाखवनार हाय. पोरानं जल्मभर मास्तरांचंच बरोबर ऐकलंय, एकदा बापाचंबी ऐकू द्या.

प्रभुदास पाटोळे


अहमदनगर
९ मार्च १९७१

श्री. पाटोळे,

बाप्तिस्म्याला आलो नाही. ताप होता असं दयाला कळवलं. ताप नव्हता.

तुम्हाला हवा होता तो कागद हा नव्हे. झाड गेलं. गेल्या आठवड्यात ते कडेपासून पिवळट पडायला लागलं, आता सगळं तांबूस झालं आहे. हात लावला की गळतं. शेजारची मुलं म्हणतात, मास्तरांच्या झाडाला गंज चढला.

पण ते गेल्या आठवड्यात मेलेलं नाही. तुमच्या मळ्यावरच मेलं. जुनिपर मेल्यावर महिना-दीड महिना हिरवं दिसतं, त्याची जातच तशी. ते तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही, मला होतं. तुम्ही पत्रात टिकशी पाठवलीत तेव्हाच मी ती चोळून पाहिली होती. या झाडाला एक वास असतो, ओल्या लाकडासारखा, जरा औषधी. तो नव्हता. तोडलेल्या टिकशीचा वास उडाला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तीस तारखेला झाड हातात घेतलं तेव्हा समजूत घालायला जागा उरली नाही. पानं खरखरीत होती. बुंध्याला नख लावलं तर सालीखाली हिरवं नव्हतं, तपकिरी होतं. तुम्ही आतून एवढं साफ केलं होतंत की फांद्या नुसत्या काड्या राहिल्या होत्या आणि टोकाला हिरवं चिकटवल्यासारखं. तुम्ही ते मारलंत. हे मी पुन्हा लिहितो म्हणजे चुकून वाचायचं राहायला नको. तुम्ही ते मारलंत, आणि अडाणीपणाने नव्हे, हट्टाने मारलंत. मी तुम्हाला सगळं आधी लिहिलं होतं.

मग मी "हिरवं आहे" का म्हणालो?

दया दारात उभी होती. बाळाला टोपरं घालून, ट्रंकेला दोरी बांधून. ट्रंक तिने आदल्या दिवशी सकाळीच भरली होती, झाड पाहायच्या आधी. ती माझ्या हातांकडे बघत होती. मी नख लावलं तेव्हा ती एक पाऊल पुढे आली. "अण्णा, बरं आहे ना ते?" असं तिने विचारलं. ती झाडाचं विचारत नव्हती. मी नाही म्हणालो असतो तर ती ट्रंक सोडून आत गेली असती, एक शब्द बोलली नसती, आणि उरलेला जन्म मला भाकरी थापून घातली असती. तुमचं ते वाक्य खरं होतं, श्री. पाटोळे. खरं होतं म्हणून ते पत्र जाळलं. सव्वा महिन्यानंतर तिच्या अंगात चांगली ताकद होती. बाळ दूध नीट पीत होतं. मीच माघ माघ करत होतो, कारण ते घरात असताना संध्याकाळी मला घरी यावंसं वाटायचं.

हे लिहून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. तुमचा राग मला रोज सकाळी अंगणात गेलं की नव्याने येतो. कुंडी अजून तिथेच आहे. उचलवत नाही.

एकच काम आहे आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. दयाला हे कळू देऊ नका. परवा तिचं पत्र आलं. विचारते, "अण्णा, माघ संपला, छाटणी केलीत ना? वरचा शेंडा आबांनी मारला होता, तिथे आता डावीकडची फांदी वर घ्याल ना?" मी उत्तर पाठवलं की या वर्षी त्याला विश्रांती दिली आहे, काही काढलं नाही, पुढच्या माघात पाहू. पुढच्या माघापर्यंत मी काहीतरी सुचवीन. तुम्ही फक्त तोंड बंद ठेवा. तुम्हाला ते कठीण आहे हे मी जाणतो.

शांतवन उजागरे


मळा
२१ मार्च १९७१

मास्तर,

तुमचं पत्र पोचलं. एकदा वाचलं, मग इहिरीवर बसून पुन्हा वाचलं. आन घरी येऊन सूनबाईच्या हातात दिलं.

तुमी नगो म्हनलात. मला ते जमनार न्हाई. दोन म्हाताऱ्यांनी आपसात खुनवाखुनवी करायची आन घरातल्या मानसाला येडं ठिवायचं, असल्या घरात मला भाकर ग्वाड लागनार न्हाई. तुमाला सभ्यपना वाटत असंल. मला ती लबाडी वाटती. मी तुमच्याशी भांडलो ते तोंडावर भांडलो.

ती चुलीम्होरं उभी ऱ्हाऊन वाचत हुती. सगळं वाचलं. मग मला इचारलं, "आबा, पाणी कुणी तोडलं?" म्हनलं, मी. "बेन्यामीन घालायला निघाले तेव्हा कुणी अडवलं?" ते तुमाला ठावं न्हाई. बेन्या नाताळानंतर रोज तांब्या घिऊन जायचा. मी त्याच्या हातातनं तांब्या काढून घ्यायचो. म्हनायचो, ताण अर्ध्यात मोडला तर बहार फसतो. तेबी मीच, म्हनलं. तिनं पोरगं गोजरबाईच्या मांडीवर दिलं आन बांधाच्या पल्याड जाऊन बसली. गोजरबाई म्हनली, जा, आना तिला. मी गेलो न्हाई. बेन्या गेला. तिच्याजवळ बसला. लांबनं दिसत हुतं, ती उठंस्तवर तो उठला न्हाई.

सांजच्याला आली. भाकऱ्या केल्या, माझं ताट वाढलं, माझ्याम्होरं ठिवलं. तवापासनं पोराला माझ्याकडं देती, पर हात लागू देत न्हाई, खाली ठिवती आन मी उचलायचं. मी तिची माफी मागितली. ह्या वयात, सुनंची, गोजरबाईच्या देखत. ती म्हनली, "आबा, मला आत्ता काही सांगू नका." 

तुमची माफी मागत न्हाई. पोरीला दोन महिनं अडवून ठिवलं ते तुमी केलं. झाड मी मारलं. ज्याचं त्यानं आपापलं उचलावं.

येत्या शनवारी ती आन पोरगं यष्टीनं नगरला येत्यात. मीच म्हनलं, जा. बेन्या सोडायला येतोय. ती कुंडी उचलू नका तवर, तिला तिच्या हातानं करू द्या काय करायचं ते. आन तिच्या तोंडावर पुन्हा हिरवं हाय म्हनू नका. किती दिस ऱ्हायचं ते मी ठरीवलं न्हाई. मी कसली अट घालत न्हाई, कायबी आनून देत न्हाई, बदल्यात कायबी मागत न्हाई. संत्र्यावर आंब्या बहाराची फुलं धरलीत, झाडं पांढरी झालीत, गोजरबाई म्हनती सूनबाईला दाखवा. ती तिकडं बघतबी न्हाई.

परत यायचं का न्हाई, ते तिला तुमीच इचारा, मास्तर. मला इचारायला तोंड ऱ्हायलेलं न्हाई.

प्रभुदास